निघून गेलेल्या वडिलांना 'उमिमाची डायरी' हा चित्रपट फार सहज सोडून देतो का?

प्रश्न
मधली बहीण, सातारा

हिरोकाझू कोरेएदा या जपानी दिग्दर्शकाचा २०१५ सालचा 'उमिमाची डायरी' हा चित्रपट आम्ही तिघी बहिणींनी गेल्या रविवारी शाहूपुरीतल्या माझ्या घरी एकत्र बसून पाहायला घेतला. बाहेरच्या देशांत तो 'अवर लिटल सिस्टर' या नावाने ओळखला जातो. सबटायटल्स वाचत पाहावा लागतो, तरी त्यातले बोलणे इतके साधे आहे की माझ्या धाकटीलाही कुठे अडले नाही. माझा प्रश्न चित्रपटाविषयीच आहे, पण तो का पडला हे सांगितल्याशिवाय मला तो नीट मांडता येणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढे सांगते. कामाकुरा या समुद्रकाठच्या जुन्या गावात साची, योशिनो आणि चिका या तीन सख्ख्या बहिणी आजीच्या लाकडी घरात राहतात. पंधरा वर्षांपूर्वी वडील एका बाईसाठी घर सोडून गेले, मागोमाग आईही मुलींना आजीजवळ ठेवून दुसरे लग्न करून गेली, आणि आजीच्या पश्चात घराचा सगळा भार थोरल्या साचीवर आला. वडील दूर यामागाता भागात वारल्याचा निरोप येतो. तिघी अंत्यसंस्काराला जातात, आणि तिथे त्यांना सुझू ही शाळकरी सावत्र बहीण पहिल्यांदा भेटते. जिच्यासाठी वडिलांनी घर सोडले त्या बाईची ही मुलगी. ती बाईही पूर्वीच वारलेली आहे आणि वडिलांनी पुढे तिसरे लग्न केलेले आहे. परतीच्या गाडीचे दार लागता लागता साची फलाटावर उभ्या असलेल्या सुझूला विचारते की, आमच्याकडे राहायला येशील का, आणि क्षणभर थांबून ती पोरगी येते म्हणते. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे त्या घरातले चौघींचे एक वर्ष आहे.

फलाटावरचा हा प्रसंग संपला आणि माझी थोरली बहीण, जिला आम्ही आक्का म्हणतो, उठून स्वयंपाकघरात गेली ती परत आलीच नाही. मी आत गेले तेव्हा ती तांदूळ निवडत बसली होती. "ज्याने केले त्याला कोणीच काही विचारत नाही," एवढेच ती म्हणाली.

आमचे आण्णा मी नऊ वर्षांची असताना घरातून गेले. पुढे त्यांनी सांगलीत दुसरा संसार थाटला, हे आम्हाला लोकांकडून कळत राहिले. साताऱ्याहून सांगली काही परदेश नव्हे, सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी परत येऊ शकतो, पण ते कधी आले नाहीत आणि आम्हीही गेलो नाही. आईने शिलाई मशीनवर आम्हाला वाढवले. आक्काने बारावीनंतर शिक्षण सोडले आणि मोती चौकातल्या एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहायला लागली. चार वर्षांपूर्वी आई गेली. गेल्या भाद्रपदात आण्णा गेल्याचा फोन आला, तेव्हा आक्का पहिल्यांदा नाही म्हणाली आणि मग दहाव्याच्या आदल्या रात्री आपणहून म्हणाली की, जाऊन येऊ.

कृष्णेच्या घाटावरचे सगळे आटोपल्यावर त्या घरातली मुलगी, अकरावीत शिकते, आमच्यासाठी डबा बांधून घेऊन एसटी स्टँडपर्यंत आली. काही बोलली नाही. पेठ नाका मागे पडल्यावर धाकटीने डबा उघडला. आत ज्वारीच्या भाकऱ्या होत्या आणि प्रत्येक भाकरीचा पापुद्रा एका बाजूने अलगद उचलून आत शेंगदाण्याची चटणी आणि कच्चे तेल भरून तो परत दाबून बसवलेला होता. आमच्या घरी भाकरी अशी फक्त आण्णा करून देत. पापुद्रा फाटू न देता चटणी कडेपर्यंत सारायची आणि वरून बोटांनी दाबायची, म्हणजे शाळेच्या डब्यात तेल बाहेर येत नाही. आईला ते कधी नीट जमले नाही. धाकटीला यातले काहीच आठवत नव्हते, म्हणून ती सरळ खायला लागली. आक्काने डबा पाहिला आणि कराड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

म्हणून चित्रपटात सुझू जेव्हा भातावरचे शिरासू, म्हणजे ते बारीक पांढरे मासे, खाताना वडील असेच करून देत हे आठवते, तेव्हा माझ्या हातातला पेला तसाच राहिला. पण आक्काचे म्हणणेही माझ्या मनातून जात नाही. तीन संसार मांडून पहिला मोडणारा माणूस शेवटी बहिणींच्या तोंडून 'चांगला असेल' असे म्हणवून घेतो, हे न्यायाचे आहे का? चित्रपट त्याला फार सहज सोडून देतो, असे आपल्याला वाटते का? ज्यांनी तो विचारपूर्वक पाहिला आहे त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर
निवृत्त शिक्षक, विश्रामबाग, सांगली

ताई, आपला प्रश्न वाचून मी हा चित्रपट काल रात्री पुन्हा पाहिला, आणि आपल्या आक्कांनी उठून जाण्यासाठी जो क्षण निवडला तो अगदी बरोबर होता, असे मला वाटले. त्या फलाटापर्यंत वडिलांचा हिशेब खरोखरच कोणी मागितलेला नाही. माझे म्हणणे एवढेच की, तो पुढे मागितला जातो, फक्त न्यायालयात मागतात तसा मागितला जात नाही.

पहिली गोष्ट म्हणजे वडील या चित्रपटात येतच नाहीत. पूर्वीच्या आठवणींचे एकही दृश्य नाही. त्यांचा आवाज नाही, त्यांची बाजू मांडणारे पत्र नाही, मृत्युशय्येवरची क्षमायाचना नाही. आपल्याकडच्या चित्रपटांत अशा बापाला शेवटच्या अर्ध्या तासात खोकत खोकत परत आणतात आणि मुलींनी त्याच्या पायाशी बसून रडायचे असते. कोरेएदांनी तो मार्ग स्वतःच बंद करून टाकला आहे. समोर माणूसच नसल्यामुळे त्याला क्षमा करण्याचा प्रश्न उरत नाही. उरतात त्या त्याच्या खुणा. सुझूने आणून दिलेले लहानपणीचे फोटो, यामागातातली ती टेकडी जिच्यावरून दिसणारा देखावा कामाकुरासारखा आहे, आणि शिरासू घातलेला भात किंवा पाव. ज्याच्या वाट्याला जी खूण आली तिच्यावरून त्याने आपापला बाप जुळवायचा आहे. धाकट्या चिकाला वडील जवळजवळ आठवत नाहीत, आणि ती आजीच्या पद्धतीची चिकुवा, म्हणजे माशाच्या लगद्याच्या नळ्या, घातलेली करी खाता खाता सुझूला सहज म्हणते की, कधीतरी मला बाबांबद्दल सांग. जिने त्यांना हिरावून घेतले तिच्याच मुलीकडून हिने वडील मागून घ्यायचे! आपली धाकटी बहीण बसमध्ये सरळ भाकरी खायला लागली, ते वाचताना मला चिकाच डोळ्यांपुढे आली.

दुसरे, साची वडिलांना चांगला म्हणते तेव्हा ती त्यांच्या वागण्याला चांगले म्हणत नाही. ते मायाळू होते पण कामाचे नव्हते, हा तिचा निवाडा सुरुवातीपासून आहे. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणारा आणि कोणाची दया आली म्हणून तिच्यामागे जाणारा माणूस. सांगलीत मी चाळीस वर्षे काढली आहेत, आणि भिडेखातर पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहून बायकोचे दागिने मोडणारी अशी भली माणसे मी जवळून पाहिली आहेत. त्यांच्या भलेपणाची किंमत नेहमी घरातली माणसेच मोजतात. साचीला हे पुरते ठाऊक आहे. शेवटी समुद्रकाठी ती म्हणते ते साधारण असे की, त्यांनी अशी बहीण मागे ठेवली म्हणजे ते मायाळूच असले पाहिजेत. यात वडिलांची सुटका नसून सुझूचा स्वीकार आहे, असे मी समजतो. सुझूच्या मनात जे रुतून बसलेले आहे, की माझ्या नुसत्या असण्याने कोणाला तरी दुखते, त्याला दिलेले ते उत्तर आहे.

पण मला ज्या प्रसंगाबद्दल विशेष लिहायचे आहे तो वडिलांचा नाहीच. आजीच्या स्मृतिदिनाच्या विधीला आई येते आणि येताच घर विकण्याची गोष्ट काढते. साची सर्वांसमोर तिच्यावर तुटून पडते. दुसऱ्या दिवशी आई निघण्यापूर्वी पुन्हा येते, दोघी पावसात आजीच्या थडग्याला जातात, थोडे बोलतात, जास्त चालतात. आई गाडीकडे निघालेली असताना साची तिला थांबवते, धावत घरी जाते आणि आजीने शेवटची घातलेली प्लमची बरणी घेऊन परत येते. त्यांच्या अंगणात प्लमचे, म्हणजे आपल्या जर्दाळूच्या कुळातले, झाड आहे, आणि दर जूनमध्ये त्याची हिरवी फळे उतरवून, टोचून, साखर आणि मद्यात मुरवत ठेवायची हा त्या घराचा शिरस्ता आहे. आजी गेल्यावर तिच्या हातचे जे शेवटचे उरले होते ते साचीने आईला देऊन टाकले. वडिलांवरचा राग कोणावर काढता येत नाही, कारण ते राखेत गेले. आईवरचा काढता येतो, कारण ती समोर उभी आहे. चित्रपटातला खरा हिशेब मला तिथे चुकता झालेला दिसतो. तोही पूर्ण नाही. आई पुन्हा तिच्या गावी निघून जाते, आणि साची तिला राहा म्हणत नाही.

आणखी एक सांगतो आणि थांबतो. साची स्वतः एका विवाहित डॉक्टरच्या प्रेमात आहे, त्यामुळे सुझूच्या आईने जे केले तेच ती करते आहे. सुझू एकदा तिच्यासमोर म्हणते की, बायको असलेल्या माणसावर प्रेम करणे हे माझ्या आईचे चुकलेच, आणि साचीला काही बोलता येत नाही. ती घरात बसून वडिलांच्या दुसऱ्या बायकोला दोष देत होती आणि बाहेर तिची जागा घेत होती. पुढे डॉक्टर तिला अमेरिकेला बरोबर चल म्हणतो तेव्हा ती नाही म्हणते. वडिलांनी जे केले ते आपण करायचे नाही, असे ती कुठे बोलून दाखवत नाही. पण निर्णय तोच आहे, आणि वडिलांवर त्याहून मोठा आरोप कोणता असू शकेल?

अकिमी योशिदा यांची ज्या मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मालिकेवर हा चित्रपट आहे ती २००६ ते २०१८ अशी चालली, म्हणजे चित्रपट आला तेव्हा मूळ गोष्ट संपलेली नव्हती. कदाचित म्हणूनही त्यात गाठी मारून टाकलेल्या नाहीत. सुझूचे काम करणाऱ्या सुझू हिरोसे या मुलीला दिग्दर्शकाने आधी संहिता दिलीच नव्हती, सेटवर संवाद तोंडी सांगत. घरात नव्याने आलेल्या पोरीचे सावध ऐकणे तिच्या चेहऱ्यावर का दिसते, ते यावरून कळते.

उत्तर
वाळवा तालुका, सध्या पुणे

सरांचे विवेचन आवडले, तरी मी आक्कांच्या बाजूने आहे आणि ते स्पष्टपणे नोंदवतो.

माझेही वडील मी सहावीत असताना गेले, जिवंतपणी गेले. त्यामुळे मला या चित्रपटातले ऊन, चेरीच्या फुलांच्या बोगद्यातून जाणारी सायकल, आतषबाजी हे सगळे सुंदर वाटूनही पटत नाही. ज्या घरातून कर्ता माणूस उठून जातो त्या घरात पहिली काही वर्षे फक्त पैशांचे बोलणे असते. किराणा उधार मिळेल का, फीची सवलत कोणाकडे मागायची, आजोळी किती दिवस राहता येईल, याशिवाय दुसरे काही नसते. हा चित्रपट त्या पंधरा वर्षांनंतर सुरू होतो, जेव्हा साची नर्स आहे, योशिनो बँकेत आहे, घर स्वतःचे आहे. आजीचे घर नसते तर या बहिणी कुठे असत्या, हे तो विचारत नाही. सोसून झाल्यावरची गोष्ट सौम्य होणारच.

जपानी समाजाचा एक भाग मात्र लक्षात घ्यायला हवा. तिथल्या कायद्याप्रमाणे घटस्फोटानंतर मुलांवरचा अधिकार आई किंवा बाप यांपैकी एकाकडेच राहत असे. दोघांकडे मिळून तो ठेवता येईल अशी दुरुस्ती २०२४ साली मंजूर झाली. त्यामुळे एका पालकाचा मुलांशी संबंध पुरता तुटणे हे तिथे आपल्याला वाटते तितके नवलाचे नाही, आणि पंधरा वर्षे वडिलांची खबर नव्हती हे त्या बहिणी इतक्या शांतपणे बोलतात त्याचे हेही एक कारण असावे.

मला सर्वांत जास्त खटकले ते तिसऱ्या बायकोचे चित्रण. ती रडते, गोंधळते, तिला काही जमत नाही, एवढेच तिच्याविषयी दाखवले आहे, आणि मग सुझूला तिथून उचलून आणणे आपोआप योग्य ठरते. नवरा नुकताच गेलेल्या बाईला फलाटावर कोणी विचारले का? ताई, हे मी तुमच्यासाठीही लिहीत आहे. सुझूला आई नव्हती, तुमच्या सांगलीच्या बहिणीला आई आहे. चित्रपटातल्यासारखे 'आमच्याकडे ये' म्हणण्याची वेळ तुमच्यावर आलेली नाही, आणि ते बरेच आहे. तुमच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे आणि माझ्या मते अधिक कठीण आहे. तिला घरात घ्यायचे नाही, फक्त नात्यात घ्यायचे आहे, आणि त्यासाठी तिच्या आईच्या डोळ्याला डोळा द्यावा लागणार आहे.

ओघात आले म्हणून लिहितो. पहिला विवाह कायम असताना झालेला दुसरा विवाह आपल्याकडे अवैध ठरतो, पण १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ प्रमाणे त्यातून झालेली मुले औरसच मानली जातात. लोक तोंडाने काहीही बोलोत, त्या मुलीकडे कमीपणाने पाहण्याला कायद्याचाही आधार नाही.

उत्तर
परिचारिका, मिरज

मी चित्रपटांविषयी सहसा लिहीत नाही. पण साची माझ्याच व्यवसायातली आहे, आणि वरच्या चर्चेत एक प्रसंग कोणी घेतलेला नाही म्हणून लिहिते.

अंत्यसंस्काराच्या ठिकाणी आलेल्या लोकांपुढे चार शब्द बोलायचे असतात आणि तिसरी बायको मला जमणार नाही म्हणते, तेव्हा सुझूलाच बोलू द्या असे निघते. साची तिथे ठामपणे सांगते की, हे मोठ्या माणसांचे काम आहे, लेकराचे नाही. नंतर त्या टेकडीवर ती सुझूला म्हणते की, बाबांचे सगळे तूच केलेस ना, तुझे आभार. मी पंधरा वर्षे वॉर्डात काम करते. माझ्या मते साचीने सुझूला घरी नेण्याचे ठरवले ते फलाटावर नव्हे, या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी.

रुग्णाचे कोणी केले हे आम्हाला विचारावे लागत नाही. खाटेभोवती सहा नातेवाईक उभे असतात. डॉक्टर विचारतात की, काल रात्री पाणी किती प्यायले, आणि सगळे एकमेकांकडे बघतात. मागे भिंतीला टेकून उभे असलेले एखादे शाळकरी पोर हळूच म्हणते, "दीड पेला, पण चमच्याने." त्याला सगळे माहीत असते. उशी कोणत्या कुशीला लावली म्हणजे धाप कमी लागते, कोणती गोळी केळ्यात घालून द्यावी लागते, रात्री किती वाजता घाम फुटतो. मोठी माणसे जागरणाच्या पाळ्या लावतात, आणि त्या पाळ्यांच्या फटी हे पोर भरून काढत असते. तेराव्यानंतर त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. सुझू हिरोसे या मुलीने सुरुवातीच्या प्रसंगांत चेहरा जसा ठेवला आहे, म्हणजे लगबगीने पुढे होणारा, कोणाला काय हवे ते आधीच ओळखणारा आणि स्वतः अजिबात न रडणारा, तसे चेहरे मी पुष्कळ पाहिले आहेत आणि ते पाहून मला कधीच बरे वाटत नाही. चित्रपटात पुढे ती मुलगी मुलांबरोबर फुटबॉल खेळते, प्लमची दारू चुकून जास्त पिऊन बरळते, टेकडीवर साचीबरोबर उभी राहून मोठ्याने ओरडते. 'बाबा मूर्ख' असे साची ओरडते आणि सुझू 'आई मूर्ख' असे ओरडते. आईजवळ अजून राहायचे होते, हे तिला तेव्हा कुठे बोलता येते. त्या पोरीला पुन्हा पोर होऊ देणे हे त्या घराने केलेले काम आहे. वडिलांना सोडले की धरले, हा प्रश्न मला त्यापुढे लहान वाटतो.

वाळव्याच्या भाऊंचे पैशांविषयीचे म्हणणे मात्र खरे आहे, ते मी नाकारत नाही.

साची शेवटी मरणपंथाला लागलेल्या रुग्णांच्या वॉर्डात काम करायचे स्वीकारते, त्याचाही याच्याशी संबंध आहे. वडिलांच्या शेवटच्या दिवसांत ती नव्हती. ते दिवस तिला परत मिळणार नाहीत, म्हणून ती दुसऱ्यांचे ते दिवस करते. मधल्या ताई, तुमच्या आण्णांचे शेवटी कोणी केले, हे तुम्ही लिहिलेले नाही.

मधली बहीण, सातारा

सर्वांचे मनापासून आभार. मी चारही दिवस ही उत्तरे आक्काला फोनवर वाचून दाखवत होते. सरांचे प्लमच्या बरणीविषयीचे ऐकून तिने ते पुन्हा वाच म्हटले. वाळव्याच्या दादांचे ऐकून ती "बघ, कोणीतरी खरे बोलले," असे म्हणाली. मिरजेच्या सिस्टरांचे ऐकून मात्र बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही.

सिस्टर, आपण विचारलेत ते मला माहीतच नव्हते, आणि माहीत करून घ्यावे असे दहाव्याला गेल्यावरही सुचले नाही, याचे वाईट वाटले. म्हणून सांगलीला फोन करायचा असे मी ठरवले. मी त्या मुलीलाच करणार होते. आक्का म्हणाली, नाही, तिच्या आईला करायचा, आणि तो मीच करीन.

शनिवारी दुकानातून येताना ती माझ्याकडे आली आणि जेवणाआधीच तिने फोन लावला. मी समोर बसले होते. सुरुवातीला पाऊस, धरणातून सोडलेले पाणी, घाटाच्या किती पायऱ्या बुडाल्या, असेच बोलणे झाले. आक्का त्यांना काय म्हणून हाक मारणार याची मला काळजी होती. तिने 'काकू' म्हटले. मग तिने सरळ विचारले की, आण्णांचे शेवटी कोण करत होते. पलीकडून सांगितलेले मला ऐकू येत नव्हते, पण आक्का मधूनमधून "हो" म्हणत होती, आणि एकदा "शाळा बुडवून?" असे म्हणाली. त्या काकू स्वतः सकाळी सात ते दुपारी चार एका पॅकिंगच्या कामावर जातात, त्यामुळे सात महिने दुपारपर्यंतचे सगळे त्या मुलीनेच केले, असे आक्काने मला नंतर सांगितले. दहावीचे वर्ष होते ते.

उरलेला चित्रपट आक्काने अजून पाहिलेला नाही आणि मी आग्रह केलेला नाही. आण्णांविषयीचे तिचे मत बदललेले नाही. मी सर्वांचे सर्व ऐकून घेतले तरी मला स्वतःलाही ते सुटले असे म्हणवत नाही. सरांनी लिहिले तसे, त्या मुलीचा स्वीकार हा वेगळा विषय असू शकतो, एवढे मात्र मला पटले आहे.

फोन ठेवण्यापूर्वी आक्काने अचानक विचारले की, त्या दिवशीच्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीत लसूण किती घालता, कारण आमच्याकडे ती तशी होत नाही. काकू म्हणाल्या, "मला नाही हो माहीत. ती चटणी घरात तेच कुटायचे. आजारात हात चालेना तेव्हा खाटेवर बसून हिला सांगायचे, आता हीच करते. थांबा, तिला देते."